समोरच्या टाकीवर कोण बसलंय?

मित्रांनो, नाकावर बसणं हाच माझा धंदा. पण मला कायमचं घरी कुणी नेलं नाही. डोळे तपासताना ज्या जड, गोल चौकटीत एकेक भिंग सरकवून "आता दिसतं?" असं विचारतात, ती मी. माझे मालक चष्मेवाले. त्यांनी मला आणलं तेव्हा माझ्या कडा टोचायच्या. त्यांच्याच बोटांनी त्या गुळगुळीत झाल्या.

अलीकडे गिऱ्हाइकं लाल डोळे घेऊन येत आणि निळा उजेड अडवणारी काच मागत. मालक हसायचे. "काच देतो हो, पण तुमच्या पापण्या मी कशा मिटू? फोनच्या पडद्याकडे टक लावली की त्या मिटायच्या विसरतात, मग डोळे चुरचुरतात. आणि झोपण्याआधी तासभर तो फोन लांब ठेवा. त्या उजेडानं झोप उडते."

त्यांची मुलगी मागच्या खोलीत संगणकावर छपाईसाठी पुस्तकांची पानं लावायची. तिच्यासाठी त्यांचा इलाज वेगळा. अधूनमधून हाक यायची, "बाळे, समोरच्या टाकीवर कोण बसलंय?" खिडकीतून लांब बघितलं की तिच्या डोळ्यांना विसावा मिळावा, म्हणून.

त्या शेवटच्या साध्या दिवशीही त्यांनी विचारलं. तिनं मान वर न करताच ठोकून दिलं, "कावळा."

"अगं, माणूस चढलाय रंग द्यायला!"

"मग उतरवा त्याला. मला काम आहे, बाबा."

दोघंही हसले. त्या रात्री मालक झोपेतच गेले.

मी कपाटात धूळ खात पडले. पुढे मुलीनं मला आपल्या टेबलावर आणून ठेवलं. आता हाक नव्हती. ती पडद्यापुढून उठेचना. भेटायला आलेल्या मावशीनं तिचे लाल डोळे बघून विचारलं, "रडलीस का गं?"

"छे, पडद्यानं होतं असं."

मित्रांनो, तुम्हाला कुणी पडद्यावरून मान वर करायला सांगितलं, तर करा. डोळ्यांना बरं वाटेल, आणि हाक मारणाऱ्यालाही. मुलीनं काय केलं ते सांगते नि थांबते.

एका दुपारी तिनं मला बाबांच्या मऊ फडक्यानं पुसलं आणि तशीच, बिनभिंगाची, डोळ्यांवर चढवलं. मग खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "टाकीवर कुणीच नाही. मी चिडायचे ना, ते वरवरचं होतं. तुमची हाक कधी येते, याची मी वाट बघायचे."