पुरावा म्हणून गेलेला पाट

मी एक जुना पाट आहे. जुना झालो तरी अंगातली रग गेलेली नाही, आणि मित्रांनो, माझी गोष्ट सांगायची मला भारी घाई झाली आहे!

सातपूरच्या एका कारखान्यात परदेशातून यंत्र आलं. त्याच्या खोक्याची एक फळी तिथला कामगार सहादू परवानगीची रीतसर चिठ्ठी घेऊन घरी आला. रंधा मारला, खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि माझा जन्म झाला. त्याची बायको भिमाबाई माझ्यावर बसे, पाय लांब पसरे आणि पायांवर तान्हं बाळ घेऊन त्याला न्हाऊ घाले. आधी घरातली, मग आळीतली, मग पार अंबडपर्यंतची बाळं. कौतुक तिचं व्हायचं आणि फुगायचो मी. पुढे घरोघरी प्लास्टिकचे टब आले आणि माझ्यावर लोणच्याची बरणी आली. चार वर्षं मी ती सांभाळली. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच रुसलो होतो.

१९८३ साली तार आली. कॅनडात दिलेली धाकटी लेक विमल महिनाभर आधीच बाळंत झाली होती. मागोमाग पत्र आलं, ‘आई, मुलगी एवढीशी आहे. तिला हातात घ्यायचीसुद्धा मला भीती वाटते. तू ये.’

पासपोर्ट तयार होता, अडलं होतं व्हिसावाचून. फॉर्म भरून देणाऱ्या गोटीराम कारकुनाने बजावलं, “मावशी, कशाला जाता असं साहेब विचारणार. पुरावा सोबत ठेवा.”

भिमाबाईने बरणी खाली ठेवली, मला खसखसून घासलं, पिशवीत कोंबलं आणि मुंबईची एसटी धरली. पिशवीतून अर्धा बाहेर डोकावत मी अख्खा कसारा घाट पाहिला!

व्हिसाच्या कचेरीत गोरा साहेब होता, शेजारी मराठी दुभाषी बाई.

“आजी, साहेब म्हणतात, तिथं दवाखाने आहेत, नर्स आहेत. मग तुम्हीच कशाला?”

भिमाबाईने मला टेबलावर ठेवलं. “हा बघा पुरावा.”

साहेब माझ्याकडे बघतोय, मी साहेबाकडे!

“सांगा त्यांना बाई, नर्स लय हुशार असंल. पण माझी पोरगी भेलीय. तिची भीती कोण घालवंल?”

एवढं बोलून तिने मला फरशीवर टेकवलं, बसली, पाय पसरले आणि दुभाषी बाईंचा स्वेटर गुंडाळून पायांवर घेतला. मान तळहातावर तोलली, पाठ चोळली, ओंजळीने नसलेलं पाणी सोडलं. साहेब खुर्चीतून उठून टेबलावरून वाकला.

“साबण डोळ्यांत जात नाही का, विचारतायत,” बाई हसत म्हणाल्या.

भिमाबाईने कपाळावर आडवा हात धरून दाखवला.

“आणि परत याल कशावरून?”

“पोरगी शिकली का आलेच. घरी म्हाताऱ्याला चहासुद्धा येत नाय!”

शिक्का बसला. तीन महिने! मी विमानात बसलो, मित्रांनो, ट्रंकेत का होईना!

इथे आल्यापासून रोज गरम पाणी, रोज बाळाची लाथाळी. चार वर्षांची कसर भरून निघाली. आणि काल सकाळी भिमाबाई माझ्यावर बसलीच नाही.

“बस,” ती विमलला म्हणाली. “मी हात नाय लावणार.”

विमल बसली. पाय पसरून तिने लेक पायांवर घेतली, तो भार मला खाली कळत होता. भिमाबाई दाराशी हात मागे बांधून उभी राहिली. पाणी पडलं, बाळ रडलं, विमलही रडली. पण तिने पाय हलू दिले नाहीत.

“झालं,” भिमाबाई डोळे पुसत म्हणाली. “आता माझं काम नाय.”

ठरल्याप्रमाणे आज तिचं विमान गेलं, मी मात्र इथेच राहिलो. मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे तिला कोपऱ्यात उभं करून ठेवायचं नसतं. तिला काम द्या, एवढंच मागतो. आता थांबतो. घरात दुसरं कोणी नाही, आणि विमल एका हातात बादली, दुसऱ्या हातात लेक घेऊन गुणगुणत येते आहे.