राजाबाईच्या नावाची तिकिटं

राजाबाईची टपरी जळली तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची सेक्रेटरी होते. आता नाही, आणि परत कुणी पाया पडून विचारलं तरी होणार नाही.

राजाबाई म्हणजे आमची फुलपुडीवाली. अंबरनाथ पश्चिमेला, आमच्या गल्लीच्या नाक्यावर तिची पत्र्याची टपरी होती. पहाटे चामटोलीहून तिचा भाऊ झेंडू, शेवंती, दूर्वा, तुळस आणून टाकायचा. ही बसून पानांत पुड्या बांधायची आणि आम्ही दात घासेपर्यंत तिन्ही बिल्डिंगांच्या दारांवर पुड्या लटकवून मोकळी. नाक्यावर येणारंजाणारं गिऱ्हाईक कितीसं असणार? तिचं पोट होतं ते या दारांवर. एका रात्री खांबावरची वायर ठिणग्या उडवत पडली आणि टपरी, पाट, टोपल्या, वर बांधलेली प्लास्टिकची ताडपत्री, सगळं जळून गेलं. राजाबाई दुसऱ्या दिवशी फुटपाथवर गोणपाट टाकून बसली, पण पुड्या उन्हात मान टाकायला लागल्या आणि ट्रॅफिकवाला येऊन तिला दोनदा उठवून गेला.

वर्गणी काढू म्हटलं तर ती ऐकेना. "फुकटचं नको, वृंदाताई. उद्या कोन म्हनंल, हिला आम्ही पोसली."

मग माझ्या डोक्यात लकी ड्रॉ आला. लोकांनी तिकीट घ्यायचं, लोकांना बक्षीस मिळायचं, उरेल त्यातून टपरी. फुकटचं कुणाचंच नाही. स्वतःचं कौतुक करायचं नाही, पण मी ते काम चोख केलं. उल्हासनगरला जाऊन तिकीटबुकं छापून आणली. अर्धं तिकीट गिऱ्हाइकाकडे आणि अर्ध्यावर नाव, फोन लिहून आमच्याकडे. कुणी कुठे विकायची ते वाटून दिलं. माझ्याच जिन्यातल्या मीनलने योगाच्या क्लासात, सोसायटीतल्या आण्णांनी बागेतल्या म्हाताऱ्यांत, मी कंपनीत. कुकर आणि मिक्सर मंडळाच्या शिलकीतून घेतले. पहिल्या बक्षिसासाठी हरेशकडे गेले. उल्हासनगरात त्याचं बॅटरीच्या स्कूटरींचं दुकान आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या गाडीचे सगळे रोग तोच जाणतो.

"मॅडम, एक डेमोपीस आहे, एकदम नयी जैसी," तो म्हणाला. "घेऊन जा. नेकी का काम है, पण बॅनरवर माझं नाव नको टाकू."

माझा विश्वास बसेना. उल्हासनगरात भाव न करता कुणी काही दिलं, हे मी घरी सांगितलं तर नवऱ्याने मला ताप आहे का बघितलं असतं. वर हरेशने एक अख्खं तिकीटबुक विकत घेतलं. नाव लिहायची वेळ आली तेव्हा पेन तसंच धरून बसला.

"माझी स्कूटर मलाच लागली तर लोक हसतील ना? त्या मावशीचं नाव लिहितो. तुम्ही कोणाला बोलू नका. बोललं की नेकी जाती."

मला भरून आलं. खरं सांगते, दुकानातच डोळे पुसले.

त्यानंतर मीनल म्हणाली, तिनेही एक तिकीट राजाबाईच्या नावाने लिहिलंय. "मदत केली आणि वर बक्षिसाची आशा धरायची, ते बरं नाही वाटत गं. पण कुणाला बोलू नकोस, गुप्तदान आहे." आण्णांनीही बागेत मला बाजूला घेऊन तेच सांगितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मीसुद्धा माझी सगळी तिकिटं तिच्या नावाने टाकली. आम्ही चौघं, फार तर अजून एखाददुसरं कुणी, असं मी धरून चालले. आपली माणसं किती चांगली आहेत, असंच माझ्या मनात येत राहिलं. चांगुलपणाचीही मोजदाद ठेवावी लागते हे तेव्हा कुणाला सुचणार!

सगळी तिकिटं खपली. शेवटी शेवटी तर लोक मागायला यायचे आणि आमच्याकडे नसायची. महाशिवरात्रीच्या महिनाभर आधी एका रविवारी सोसायटीच्या पटांगणात मांडव घातला, स्कूटरला लाल रिबन बांधली, आमच्याकडची अर्धी तिकिटं तेलाच्या मोठ्या डब्यात भरली. माणसं मावत नव्हती. राजाबाईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, नेसूची चांगली साडी सांभाळत.

चिठ्ठ्या काढायला आण्णा. वयाने मोठे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डोळ्यांना रुमाल बांधून त्यांनी तिसऱ्या बक्षिसाची चिठ्ठी काढली. मी माइकवर वाचली.

"कुकर. राजाबाई."

टाळ्या कडकडल्या. एक-दोघांनी शिट्ट्याही मारल्या. राजाबाईने तोंडावर पदर धरला.

आण्णांनी डबा हलवून पुन्हा हात घातला. मिक्सर. मी चिठ्ठी उलगडली आणि नाव दोनदा तपासलं. "राजाबाई," मी वाचलं. या वेळी टाळ्या वाजल्या, पण पुढच्या दोन रांगांतच. मागे कुजबुज सुरू झाली.

पहिल्या बक्षिसाच्या आधी मी डबा स्वतः हलवला, तळातून वर, वरून तळात. मनात म्हटलं, देवा, कुणाचंही निघू दे, बदलापूरच्या कुठल्याही अनोळखी माणसाचं निघू दे. आण्णांनी चिठ्ठी दिली. मी ती वाचायला इतका वेळ लावला की मीनलने खालून विचारलं, "काय झालं?"

खोटं नाव वाचता आलं असतं. तेवढी अक्कल मला होती, धीर नव्हता.

"राजाबाई."

कुणीही टाळी वाजवली नाही.

"वा, काय नशीब आहे," मागून एक आवाज आला. "डबा ओता बघू," दुसरा म्हणाला. आण्णांनी रुमाल सोडला आणि गोंधळून डबा टेबलावर पालथा केला. चिठ्ठ्या पसरल्या. अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्यांवर राजाबाई. राजाबाई फुलवाली. राजाबाई मावशी. एकावर तर राजाबाईंना शुभेच्छा.

तेव्हा मला कळलं. चौघंच नव्हतो. सगळी गल्ली गुपचूप दान करून बसली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

"वेगवेगळं अक्षर आहे बघा," मी ओरडून सांगितलं.

"मग वेगवेगळ्यांकडून लिहून घेतलं असेल," उत्तर आलं.

मी माइक घट्ट धरला. "ज्यांनी राजाबाईच्या नावाने तिकीट घेतलं, त्यांनी कृपा करून हात वर करा. यात लाजायचं काय आहे?"

मांडवात एकही हात हलला नाही. मी मीनलकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. आण्णा टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करायला लागले, जसं काही ते फार तातडीचं काम होतं. मला समजत होतं. बोलून दाखवलं की पुण्य गेलं, आणि आता तर हात वर करणं म्हणजे लबाडीत सामील होणं. मी माझा हात वर केला. मागून हरेशनेही केला, बिचारा. ड्रॉ काढणारी मी आणि स्कूटर देणारा तो, बॅनरवर नाव नसलं तरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेमके दोघांचेच हात वर बघून लोक हसले, आणि खुर्च्या सरकवून उठायला लागले.

राजाबाई माइकजवळ आली. तिला माइकवर बोलायची सवय नव्हती, तोंड फार जवळ नेलं. "मला हे काय नको. माझी टपरी तेवढी हुभी करा. गाडी दुसऱ्या कुनाला द्या."

द्यायची कुणाला? मी फेरसोडत म्हटलं, तर कमिटीतल्या बायका म्हणाल्या, आता पुन्हा नाव काढू नकोस. ज्याला स्कूटर लागेल त्याच्याकडेच लोक बोट दाखवणार, म्हणून कुणी पुढे येईना. हरेश परत नेईना. दिलेली वस्तू परत घेतली तर मला पाप लागेल म्हणाला. स्कूटर रिबनसकट फाटकाजवळ उभी राहिली.

टपरी मात्र झाली. छान झाली, निळ्या रंगाची, आत फुलं ओली ठेवायला सिमेंटचा हौद. आमच्या ड्रॉचा हेतू शंभर टक्के सफल झाला, असं मी मंडळाच्या अहवालात लिहिलं, आणि लिहिताना मला रडू येत होतं.

कारण फुलपुड्या बंद होत होत्या. आधी दुसऱ्या बिल्डिंगमधल्या एका घराने सांगितलं, आमची उद्यापासून नको. मग एकेकाने. भांडण कुणीच केलं नाही. कुणाच्या सासूबाई गावाला जाणार होत्या, कुणी आता फुलं ऑनलाइन मागवत होतं, कुणी म्हणे कुंडीत जास्वंद लावली. मी मीनलला जिन्यात गाठलं.

"तू का बंद केलीस?"

"माझ्या एकटीकडेच पुडी दिसली तर लोक म्हणतील, ही पण त्यात होती."

"तू होतीसच की त्यात. तू तिकीट लिहिलंस."

"हळू बोल ना," मीनल म्हणाली आणि आजूबाजूला पाहिलं.

महाशिवरात्रीला राजाबाई दरवर्षी सगळ्या दारांवर बेलाची पुडी लावते. त्याचे पैसे ती कधीच घेत नाही. भावाच्या बांधावर झाडं आहेत, देवाचं पान आहे, म्हणते. यंदाही तिने लावली, बंद केलेल्या दारांवरसुद्धा. मला वाटलं, आता तरी बर्फ वितळेल. देवाचा बेल कोण नाकारणार?

नाकारला कुणीच नाही, पण घेतलाही नाही. दिवसभर पुड्या दारांवर लटकत राहिल्या. लोक दार उघडायचे, पुडीकडे बघायचे, शेजारच्या दाराकडे बघायचे आणि दार लावून घ्यायचे. शेजारच्याने घेतली असती तर यांनीही घेतली असती. मी दोन-तीन घरांच्या घंट्या वाजवल्या, दारंसुद्धा उघडली, आणि प्रत्येकाने मला तेच विचारलं, बाकीच्यांनी घेतली का?

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाबाई आली. दारांकडे बघून म्हणाली, "बेल शिळा होत नाय, ताई. आजचा दिवस राहू दे. घेतील."

त्याच्या पुढच्या दिवशी ती टोपली घेऊन आली आणि वरच्या मजल्यापासून एकेक पुडी उतरवायला लागली. मी तिच्या मागोमाग जिना उतरत होते. पानं वाळून कुरकुरीत झाली होती.

"तू बोलत का नाहीस?" मी चिडून विचारलं. चीड कुणाची होती तेही मला कळत नव्हतं. "यांनीच तुझ्या नावाने तिकिटं घेतली. ओरडून सांग एकदा."

"म्हाईत हाय मला. टपरीवर एकेक जन येऊन सांगून गेला, रस्त्यावर कोन नाय ते बघून. मावशी, माझं पन एक होतं. आण्णा आले, ही मीनलताई आली." तिने मीनलच्या दारावरची पुडी काढली आणि टोपलीत ठेवली. "सगल्यांनी सांगितलंय, कुनाला बोलू नका. मग कशी बोलू?"

माझ्या दारावरचा हूक रिकामा होता. माझा बेल मी त्याच दिवशी वाहिला होता. राजाबाई तिथे थांबली.

"उद्यापासून तुमची पुडी लावायची बंद करते, ताई."

"माझी का? मी कुठे नको म्हटलं?"

"नाय म्हटलं. पन एका दारासाठी तिन्ही बिल्डिंगा वलांडून येनं परवडत नाय. तुम्ही नाक्यावरनं घेऊन जात जा. तुम्हाला चांगली फुलं ठेवीन."

मी मान हलवली. ती टोपली कमरेवर घेऊन खाली गेली. फाटकाजवळ तिची स्कूटर उभी होती. रिबन उन्हाने फिकी पडली होती आणि सीटवर कुणाच्या तरी मांजरीने बसकण मारली होती. राजाबाईने मांजरीला लागू नये म्हणून टोपली दुसऱ्या बाजूला घेतली आणि चालत नाक्याकडे गेली.