रिकामी

यीस्टपासून तेल काढायचा तो कारखाना. फाटकावर हिरवी पानं रंगवलेली. जमीन न उपसता, जंगल न तोडता तेल! काम खरंच चांगलं होतं. मळीवर पोसलेली यीस्ट टाकीत वाढायची, अंगात तेल साठवायची. ती उपसून नेली, की टाकी धुवायची.

धुण्याआधी पाळीप्रमुख टाकीवर खडूने लिहायचा, 'रिकामी'. त्या शब्दाच्या भरवशावर सफाईवाला आत उतरायचा. तळाशी उरलेली यीस्ट श्वास सोडतच असते, तो वायू बुडाशी साचतो, त्याला रंग नाही, वास नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हवा तपासायचं यंत्रही होतं. पण ते अर्धा तास खायचं, म्हणून कपाटात पडून होतं. भिंतीवर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'अति घाई संकटात नेई'.

गेल्या महिन्यात एक सफाईवाला टाकीतच मेला. कारखान्याच्या कागदावर कारण आलं 'हृदयविकार'. खाली सही पाळीप्रमुखाची.

आता त्या सफाईवाल्याच्या जागी त्याची बायको कामाला आली होती.

"वहिनी, टाकी रिकामी आहे," पाळीप्रमुख म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. उतरा."

ती शिडीपाशी थांबली. "भाऊ, रिकामी म्हणजे?"

"म्हणजे आत काही नाही."

"मग ह्यांना कशानं मारलं?"

"हृदय..."

"ह्यांचं हृदय ठणठणीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. घरी पोरगी आहे, तिला आता मी एकटीच. आधी तुम्ही उतरा. रिकामीच आहे ना?"

त्याने शिडीला हात लावला. पाय काही उचलेना. म्हणजे आपल्याला सगळं माहीत होतं! तेव्हाही माहीत होतं!

तो यंत्र घेऊन आला आणि ते दोरीला बांधून त्याने आत सोडलं. अर्ध्या वाटेवरच ते किंचाळू लागलं.

"त्या दिवशीही मीच लिहिलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला.

"ठाऊक आहे. ह्यांच्या सदऱ्याला टाकीवरचा तो खडू लागला होता. अजून धुतला नाही मी."

त्याच दुपारी त्याने वरच्या साहेबांना लेखी कळवलं: हृदयविकार नव्हे, गुदमरून मृत्यू, चूक माझी. नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवूनच त्याने सही केली. माणूस काही त्यामुळे परत आला नाही.

वाचकहो, माणसाचा श्वास घेऊन निघालेलं तेल कितीही हिरवं म्हणा, ते काळंच. आपणही कुठे ना कुठे कुणाला तरी 'उतरा' म्हणत असतो. ज्या शिडीवर आपला पाय उचलत नाही, तिच्यावरून दुसऱ्याला उतरवू नये.