आतून न उघडणारे दार

मित्रांनो, दार मिटू नये म्हणून त्याच्याखाली खुपसतात ना, ती लाकडी पाचर आहे मी. एका मोडक्या बाकाच्या पायातून सुताराने मला तासले आणि महाविद्यालयातल्या तत्त्वज्ञानाच्या बाईंना दिले.

बाईंची खोली म्हणजे पूर्वीची खडू-फळ्यांची कोठी. खिडकी नाही. दार आपोआप मिटे, आणि आतली मूठ निखळलेली, त्यामुळे आतून उघडत नसे. म्हणून देवाने मला तिथे नेमले. एकवीस वर्षे ते दार माझ्या पाठीवर होते.

बायकांचे म्हणणे कोण ऐकतो, कुणी कुणावर प्रेम करावे हे कोण ठरवतो, असे बाई शिकवीत. मुठीसाठी दरवर्षी अर्ज करीत. विभागप्रमुख हसत, "बाई, तुमचा विषय हा असा! दार उघडंच बरं. उगाच लोक बोलतात." स्वतः सुतार आणून मूठ बसवायचीही परवानगी नव्हती. बाकीच्यांना बढत्या मिळाल्या, खिडक्या मिळाल्या. बाईंना मी.

एका दुपारी एक विद्यार्थिनी आली. काही बोलू जाई आणि व्हरांड्याकडे पाहून गप्प होई.

"बाई, दार लावता येईल?"

"लावता येईल गं, उघडता येणार नाही. पाचला शिपाईमामा कुलपं लावायला येतील, तोवर दोघी आत."

"मग राहू दे." ती उठलीच.

बाईंनी वाकून मला ओढले आणि मुठीत धरले. दार मिटले. माझा तर जीव घुसमटला.

"माझं माझ्या मैत्रिणीवर प्रेम आहे," मुलगी म्हणाली. "आईला कळलं तर ती बोलायचीच नाही माझ्याशी."

देवाचे नाव ऐकावे तशा बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आईचं बघू नंतर. आधी सांग, ती हसते कशी?"

मुलगी रडता रडता हसली.

पाचला शिपाईमामांनी दार उघडले. "अहो बाई, अडकलात होय! हाक तरी मारायची."

"कशाला मामा? गप्पा कुठं संपल्या होत्या?"

पुढे बाई निवृत्त झाल्या. व्हरांड्यातल्या निरोपसमारंभात प्रमुख म्हणाले, "बाईंचं दार सदैव उघडं असे!" टाळ्या पडल्या. बाईंनी मला पदराने पुसले आणि परत दाराखाली सरकवले.

आता ती मुलगीच इथे शिकवते. तिच्या आईला कळले; ती अजून बोलत नाही. टेबलावर मैत्रिणीचा फोटो आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळवलेला.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. तुमच्यातले कुणी उद्या सुतार झाले, प्रमुख झाले, तर त्या दाराला आतून एक मूठ तेवढी बसवा. मग मला खुशाल चुलीत घाला.