पावण्याला काय दाखवावं

अण्णासोंना एक रोग होता आणि त्यावर अख्ख्या कोल्हापुरात औषध नव्हतं. दारी आलेल्या माणसाला आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं ते दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मटणातली नळी पावण्याच्या ताटात, पंख्याखालची जागा पावण्याला, घरातली एकुलती नवी चादर पावण्याच्या अंगावर. त्यांच्या बायकोनं, आक्काताईनं, बत्तीस वर्षं नुसत्या रश्श्यावर काढली होती आणि त्याबद्दल ती बत्तीस वर्षं बोलतही होती, कारण गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मंगळवार पेठेत तिचा आवाज चढला की पलीकडच्या गल्लीतली भांडणं थांबत. लोकांना हिचं ऐकायचं असे.

अण्णासो शिरोलीच्या एका फौंड्रीतून फिटर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा तिथली कामगारांची ने-आण करणारी मिनीबस भंगारात निघाली होती. ती त्यांनी घेतली. आत चार माणसांची झोपायची सोय केली, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि बारीक माणसालाच वळता येईल एवढा संडास बसवला, समोरच्या काचेवर ‘नमो बुद्धाय’ लिहिलं आणि पावण्यांना कोकणात फिरवायचा धंदा सुरू केला. डॉल्फिन बघायचे, कासवं बघायची, पक्षी बघायचे आणि गाडीतच मुक्काम करायचा. गाडी अण्णासो चालवत, रांधणं आक्काताईकडं, आणि फोनवर बुकिंग घ्यायचं काम त्यांच्या लेकीकडं, दीक्षाकडं.

फक्त एक गोष्ट पावण्यांना दाखवायची नाही, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. त्यांची गाडी जिथं मुक्कामाला थांबे, त्या किनाऱ्याच्या टोकाला सुरूचं बन होतं. त्यातल्या सगळ्यांत उंच झाडावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं होतं, बैलगाडीच्या चाकाएवढं. तीन हिवाळ्यांपूर्वी आक्काताईला झाडाखाली समुद्रसापांची वाळलेली हाडं दिसली, म्हणून तिनं मान वर केली आणि तिला ते सापडलं. तेव्हापासून दर फेरीला ती लांबच्या बांधावर दुर्बीण घेऊन अर्धा तास बसायची. दिवसभरात तेवढाच अर्धा तास ती गप्प असायची. अण्णासोंकडून तिनं शब्द घेतला होता. हे कुणाला सांगायचं नाही, लेकीलासुद्धा नाही.

यंदा फेब्रुवारीत पुण्याचं एक जोडपं आलं, विश्वजित आणि स्नेहल. विश्वजित हिंडेल तिथले व्हिडिओ करून टाकायचा आणि ते बघणारे म्हणे दोन लाख होते. पहिल्या दिवशी होडीतून डॉल्फिन बघायला नेलं. डॉल्फिन आले, पण लांब. चार पाठी वर आल्या, चार पाठी खाली गेल्या, संपलं.

“काका, एवढंच?” विश्वजित म्हणाला, आणि त्याचं तोंड जे पडलं ते संध्याकाळच्या जेवणापर्यंत पडलेलंच राहिलं. त्याच्या पानात सुरमईचा मधला तुकडा वाढला तरी ते वर येईना. अण्णासोंना ते बघवत नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताई वाडीत नारळ आणायला गेली. दहाच्या सुमाराला परतली तर बनाकडून गांधीलमाशी कानाशी घोंगावावी तसा आवाज येत होता. तिनं वर बघितलं. घरट्यावर दोन हातांच्या अंतरावर ड्रोन थरथरत उभा होता, आणि घरट्यात आई नव्हती.

नारळाची पिशवी तिथंच टाकून ती धावली.

“अवोऽऽ! काय चाललंय हे?”

अण्णासो झाडाकडं पाठ करून उभे होते. “पावणं लई नाराज हुतं,” ते पुटपुटले. “लांबनंच दाखवलं मी. त्यांच्याकडं हे असलं मशीन हाय ते मला काय ठावं?”

“आधी ते खाली घे!” ती विश्वजितवर ओरडली.

“एक मिनिट काकी, पिल्लू दिसतंय! कसलं भारी!”

“पिल्लू दिसतंय, आन् आई दिसती का तुला? ती बग कुठं गेली!”

आई लांब समुद्रावर गिरक्या घेत होती. ड्रोन खाली उतरला तरी ती परत फिरेना. आक्काताईनं दुर्बीण लावली. पांढऱ्या लवेचं एवढंसं पिल्लू उघड्या उन्हात चोच वासून पडलं होतं. शेजारच्या झाडावर दोन कावळे येऊन बसले होते, आणि ते काही वारा खायला आले नव्हते.

तिनं सगळ्यांना लांबच्या बांधावर पिटाळलं आणि गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली. “ती पिल्लापाशी आल्याबिगार गाडी हालत न्हाय. कुणी बोलायचं न्हाय, कुणी उठायचं न्हाय.”

“काकी, आम्ही कस्टमर आहोत,” विश्वजित म्हणाला. “साडेअकराला आपण निघणार होतो.”

“आन् तिला काय विचारून उठवलंस व्हय रे घरातनं? तू कस्टमर, मग ती कोण?”

अकरा वाजले, बारा वाजले. वाळू तापली. आक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती खाली यायचं नाव घेत नव्हती. तिला विश्वजितचा राग होता, पण त्याला निदान माहीत तरी नव्हतं. अण्णासोंना माहीत होतं. माणसानं आपल्या ताटातली नळी द्यावी, आपल्या अंगावरची चादर द्यावी. दुसऱ्याचं लेकरू पावण्याच्या ताटात वाढायचा अधिकार यांना कुणी दिला? ती नवऱ्याकडं बघेना. अण्णासो वाळूत बोटानं रेघा मारत होते आणि त्या पुसत होते.

साडेबाराला विश्वजित हळू आवाजात म्हणाला, “ड्रोन परत वर नेऊन बघू का, पिल्लू ठीक आहे का ते?”

आक्काताईनं काही बोलायच्या आत स्नेहल उठली, ड्रोनची पेटी ओढली आणि तिच्यावर बसून राहिली.

एक वाजून गेला आणि पांढरं पोट बनावरून सरकलं. आई आली. एकदा घिरटी घालून गेली, पुन्हा आली आणि घरट्यात उतरली. उतरल्या उतरल्या तिनं पंख पसरून पिल्लावर सावली धरली. दुर्बिणीत पिल्लाची मान हलली. आक्काताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

“बगा पावणं, बगा!” अण्णासो सगळं विसरून म्हणाले, आणि मग जीभ चावली.

विश्वजितचेही डोळे भरून आले होते. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्यानं आक्काताईचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “काकी, असं मी आयुष्यात बघितलं नाही. हे सगळ्या जगाला कळलं पाहिजे. सकाळचा व्हिडिओ आजच टाकतो. नकाशावरचं ठिकाण, तुमच्या गाडीचा फोटो, फोन नंबर, सगळं. बघा तुमच्याकडं कशी रांग लागते!”

आक्काताईनं हात सोडवून घेतला. “रांग? अरे, तुज्या येकट्यामुळं ती तीन तास पिल्लाकडं आली न्हाय. दोन लाख आलं तर काय हुईल? ती अंडी घालायचं सोडून दील इथं.”

“सगळे थोडेच येणार आहेत? आणि निसर्ग काय तुमच्या मालकीचा आहे का?”

“न्हाय की! माज्या मालकीचा असता तर तुला दिला असता. माजा न्हाय म्हणून तर राखाय लागलोय!”

“मग काकांनी दाखवलं कशाला?”

अण्णासोंची मान आणखी खाली गेली. आणि उत्तर नसलं की आक्काताईचं जे व्हायचं ते झालं. ती गाडीत शिरली आणि पुणेकरांच्या दोन्ही बॅगा तिनं दारातून वाळूत भिरकावल्या. “चला, उतरा! उतरा म्हंजे चढूच नगासा. असलं पावणं आमच्या गाडीत नगंत. चालत जावा पुण्याला!”

“आक्के, पावणं हायत ते,” अण्णासो कळवळले.

“तुमी तर बोलूच नगा!”

विश्वजितही पेटला. असा अपमान आपला कुणी केला नाही, दीक्षाला फोन करून सगळं सांगतो, असं म्हणत त्यानं बॅगा उचलल्या. वाडीतून एक सहा आसनी रिक्षा तालुक्याला निघाली होती, तिला हात केला. स्नेहल चढताना एकदा मागं वळून बघत राहिली. रिक्षा फटफटत निघून गेली.

आक्काताईला फार बरं वाटलं. तिनं कमरेवर हात ठेवून मोठा श्वास घेतला. वाळूतली नारळाची पिशवी उचलून आणली.

“अगं,” अण्णासो भीत भीत म्हणाले, “मोबाईल त्येच्याजवळच हाय की.”

“मग? हितं कुठं रेंज हाय?”

“हितं न्हाय. वर खिंडीत हाय.”

आक्काताईच्या हातातून पिशवी पुन्हा खाली पडली. बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. त्याला गाडीत धरून ठेवलं असतं, गोड बोलून जेवायला वाढलं असतं, तर कोल्हापूर येईपर्यंत समजूत घालता आली असती. तिनं स्वतःच्या हातानं त्याला रेंजकडं पाठवून दिलं होतं.

“अवो, बघत काय बसलाय! किल्ली घ्या!”

मिनीबस वाळूत एकदा रुतली, चाकाखाली माडाची झावळी घालून बाहेर काढावी लागली. मग अण्णासोंनी ती चढावर अशी हाणली की आतली भांडी खाली आली. आक्काताई पुढच्या दांडीला धरून बसली होती आणि विश्वजितला घालायच्या शिव्या मनात जुळवत होती. खिंडीपर्यंत चांगल्या पंधरा-सोळा जमल्या.

खिंडीत सरबताची टपरी होती. रिक्षा तिथंच उभी होती, रिक्षावाला आवळा सरबत पीत होता. स्नेहल लांब कठड्याला टेकून उभी होती. विश्वजित बाकावर बसून मोबाईल डोक्यावर धरून हलवत होता. रेंज येत होती आणि जात होती.

गाडी थांबायच्या आत आक्काताई खाली उतरली. विश्वजित उठून उभा राहिला, भांडणाच्या तयारीनं. सगळ्या शिव्या तिच्या ओठांवर होत्या. त्यातली एक जरी बाहेर पडली तरी तो बोट दाबणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आक्काताईच्या बापानं लेकरांना हात जोडायला शिकवलं होतं ते दोनच जागी, बुद्धापुढं आणि बाबासाहेबांपुढं. तिसऱ्या कुणापुढं वाकायचं नाही, मग तो सावकार असो की साहेब. बत्तीस वर्षांत तिनं नवऱ्यालासुद्धा ‘चुकलं’ म्हटलं नव्हतं, चुकलं असलं तरी. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण धरणाऱ्याला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

तिनं हात जोडले.

“चुकलं माजं, पावणं.”

विश्वजित बघत राहिला. ड्रायव्हरच्या सीटवर अण्णासो बघत राहिले.

“तुमच्या बॅगा टाकल्या, वंगाळ बोललो. चुकलं. पर त्यो व्हिडिओ पुसून टाका.” तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. “तुमास्नी वाटलं आसंल, ही बाई उगंच वराडती. मला ठावं हाय म्हणून वराडतो. पयल्या वर्षी घरटं घावलं तवा मीच झाडाखाली जाऊन बसलो हुतो, हौसंनं. दोन तास. आई लांबनं वराडत हुती, मला वाटलं गानं म्हणतीया. पिल्लू उनानं गेलं. कावळ्यांनी माज्या डोळ्यांम्होरं वडून न्हेलं. कुणाला सांगितलं न्हाय मी. ह्यास्नीबी न्हाय.”

रिक्षावाल्याचा पेला अर्ध्यावर थांबला. विश्वजित काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात स्नेहल आली. तिनं त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि व्हिडिओ पुसला. मग आत कुठंतरी शिरून कचऱ्यातूनही पुसला. ड्रोनमधलं कार्ड काढून तिनं आक्काताईच्या तळहातावर ठेवलं.

“ठीक आहे,” विश्वजित म्हणाला. “जाऊ दे. मी माफ केलं तुम्हाला.”

बॅगा परत गाडीत चढल्या. अण्णासोंनी गाडी चालू केली आणि आरशातून मागं बघितलं. “दोन तास?” ते हळूच म्हणाले.

“म्होरं बगून चालवा,” आक्काताई म्हणाली.

घाट लागला. विश्वजितचा जीव आता हलका झाला होता, त्यामुळं त्याचं तोंड सुटलं. धंद्यात ग्राहकाशी कसं बोलावं, हे तो समजावून सांगायला लागला. राग आला की दहापर्यंत आकडे मोजावेत. सकाळी उठून ध्यान करावं. आपल्या आईचाही स्वभाव असाच होता, पण तिनं प्रयत्नानं बदलला. आक्काताई समोरच्या बाकावर सांडलेली भांडी गोळा करत होती. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. चूक यानं करायची, हात तिनं जोडायचे, आणि वर माफीही यानंच द्यायची! बापानं हे बघितलं असतं तर तिला घरात घेतलं नसतं. ड्रोनचं कार्ड मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कड तळहातात रुतली.

“माफ करायला मन मोठं लागतं, काकी,” विश्वजित म्हणाला. “मी विसरूनसुद्धा गेलो बघा सगळं. फक्त ती जागा तेवढी विसरणार नाही.”

ती जागा त्याच्या डोक्यात होती. तिथून ती कुणाला पुसता येणार नव्हती. आणि पिल्लू उडायला अजून दोन महिने होते.

“व्हय की, पावणं,” आक्काताई म्हणाली. “तुमचं मन लई मोठं हाय.”