त्रेचाळीस गाठींची दोरी

"सदानंदकाकांचं काहीही मोजायला जाऊ नकोस," पुण्याला परत जाताना शेजारच्या पद्मिनीताईने मला बजावलं होतं. तिचा राइस कुकर, दोन रजया, कुठल्या वारी कुठला कचरा त्याचा तक्ता आणि हा सल्ला, एवढं सगळं तिने एकाच खेपेत माझ्या दारात आणून टाकलं. कुकर चालतोय का ते मी लगेच तपासलं. सल्ला तसाच ठेवून दिला. सात वर्षं जपानात राहिलेली बाई जाताना थोडं गूढ बोलणारच, असं मला वाटलं.

शिवाय मोजू नकोस हे मला सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणणं. मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. नोकरी सोडून नवऱ्यामागे जपानातल्या ग्योतोकुला आल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग एकच उरला होता: काळजी. माझ्या लेकीच्या, कादंबरीच्या, गादीपासून दारापर्यंत किती पावलं, जिन्याला किती पायऱ्या, भूकंपाच्या पिशवीतल्या बिस्किटांना अजून किती महिने. अनुप म्हणायचा, "स्वप्ना, तुझ्या भीतीने भूकंपच यायचा नाही."

सदानंदकाका आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. साठी उलटलेली, हेल्मेट घालून सायकल चालवणारे, आणि शाळेच्या बोर्डावर पालकांचे प्रतिनिधी. शाळा म्हणजे भारतीय अभ्यासक्रमाची, दोन स्टेशनं पलीकडे, एका बंद छापखान्याच्या वरचे तीन मजले. बोर्डावर पाच माणसं. त्यातली चार कायमची. पाचवी जागा पालकांची, दर सप्टेंबरात निवडणूक. काका सहा वेळा निवडून आले होते.

त्यांचं शाळेत मूल नव्हतं. नात पहिल्या तुकडीत होती, ती वर्षभरात आईवडिलांबरोबर टेक्ससला गेली. काका खुर्चीवर राहिले. नियमच तसा होता: उमेदवार पालक असावा, किंवा कुठल्याही मुलाच्या फॉर्मवर इमर्जन्सीसाठी नोंदलेली व्यक्ती असावी.

त्यांचं निवडणुकीचं भाषण दरवर्षी एकच. "या वर्षी मुलांना मैदान मिळणार म्हणजे मिळणार!" टाळ्या. कुणालाच संशय येत नसे, कारण ऐकणारे दर अठरा महिन्यांनी बदलायचे. प्रोजेक्ट संपला की मतदार पुण्याला. असा मतदारसंघ मिळणार असता तर आपल्याकडचे कितीतरी पुढारी आनंदाने जपानी शिकले असते. अनुपचं दोनदा एक्स्टेन्शन झाल्यामुळे मी मात्र हे भाषण तिसऱ्यांदा ऐकणार होते. मैदानाच्या आधी ते कुठे खोकतात तेही मला पाठ होतं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये मी प्रिन्सिपल मॅडमना म्हटलं, मुलांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवून देते. फुकट काम, एसी चालू, मॅडम खूश. फॉर्ममध्ये शेवटून तिसरी रेघ अशी होती: 'भूकंपात पालक पोहोचू शकले नाहीत तर तीस मिनिटांत येऊन मुलाला नेणारी व्यक्ती.' दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की मी एकच नाव टाइप करतेय. सदानंद टिपणीस. सदानंद टिपणीस. शाळेत मुलं एकाहत्तर. काकांचं नाव त्रेचाळीस फॉर्मवर.

"ही इज व्हेरी हेल्पफुल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ही हॅज वन सायकल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्रेचाळिसावा फॉर्म कादंबरीचा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी जपानात उतरून तिसरा दिवस होता. ही रेघ रिकामी चालणार नाही असं काउंटरवरची बाई म्हणत होती आणि उभ्या देशात मला माणूस म्हणून फक्त अनुप माहीत होता. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटलं होतं, "लिही गं, टिपणीस. टी-आय-पी." मी लिहिलं आणि विसरून गेले.

आता मला झोप लागेना. मीच मॅडमच्या मागे लागले: एक सप्टेंबरला सगळ्या जपानात भूकंपाची कवायत असते, यंदा आपण ती खरी करू. ट्रेन बंद पडल्यात, आईबाप अडकलेत असं धरू. ज्यांची नावं लिहिली आहेत त्यांनीच येऊन मुलं न्यायची.

त्या दिवशी अठ्ठावीस मुलांना न्यायला अकरा माणसं आली. उरलेल्या त्रेचाळीस मुलांना न्यायला एक माणूस आला. हेल्मेट घालून, आणि खांद्यावर एक जाड पांढरी दोरी.

दोरीला गाठी होत्या. प्रत्येक मुलाने एकेक गाठ धरायची. इथली बालवाडीतली पोरं बागेत जाताना धरतात तशी. मी गाठी मोजल्या. त्रेचाळीस.

"सगळ्यांनी गाठ धरा, आणि पुढच्याच्या चपलेवर पाय दिलात तर मैदान रद्द!" काका ओरडले, आणि ही वरात निघाली. आम्ही आया रस्त्याच्या पलीकडून बघत होतो. पहिला चौक येईपर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती. मग सिग्नल लाल झाला.

काका आणि एकोणीस मुलं पलीकडे. चोवीस मुलं अलीकडे. मधे ताणलेली दोरी, दोरीपुढे दुधाचा ट्रक, आणि ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून अत्यंत नम्रपणे वाकून विचारतोय की हे नक्की काय आहे. चोवीसात कादंबरी पहिली. मी किंचाळले. तिने गाठ न सोडता मला एका हाताने गप्प बसायची खूण केली आणि म्हणाली, "दाइजोबु, आई." ठीक आहे म्हणे! समोरच्या चौकीतून पोलीस धावत आला. कवायत तिथेच संपली.

रात्रीपर्यंत याहू ग्रुपवर फोटो आला. ट्रक, दोरी, हेल्मेट. त्याखाली विजयकुमारची एक ओळ: 'हाच का आपला डिझास्टर प्लॅन?' विजयकुमार म्हणजे अनुपच्या कंपनीतला टीम लीड आणि यंदाचा दुसरा उमेदवार. घरी पोरांना झोपायच्या वेळासुद्धा तो स्लाइडवर दाखवतो.

चार दिवसांत आयांनी आपापसात जोड्या लावल्या. तू माझी ने, मी तुझी नेते. आकडा माझा, पुढाकार माझा, फोन माझे. बेचाळीस फॉर्मवरून काकांचं नाव गेलं.

शुक्रवारी ते मला खाली सायकलींपाशी भेटले.

"मोजलंस म्हणे."

"काका, त्रेचाळीस मुलं! नाही म्हणायचं ना लोकांना."

"कुणाला म्हणू? माणूस विमानातून उतरतो, हातात फॉर्म, आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही." ते चाकात हवा भरत होते. "तुलाच म्हणायला हवं होतं. एवढे भाडेकरू आले-गेले, मोजणारी एकच निघाली, तीही नेमकी माझ्या डोक्यावर राहते."

"मग दोरीला गाठी कशा बरोबर मारल्यात?"

"मॅडमनी कवायतीचं कळवलं, त्या रात्री. एकेक पोर आठवून. त्याआधी बेरीज कधी केलीच नव्हती." पंप थांबला. "केली असती तर घाबरलो असतो गं."

शनिवारी निवडणूक. विजयकुमारने प्रोजेक्टर लावला. चौथ्या स्लाइडवर ट्रक. पाचव्यावर नियम, पिवळ्या रंगात: उमेदवार पालक असावा, किंवा एखाद्या फॉर्मवर नोंदलेला असावा. "काकांबद्दल पूर्ण आदर आहे," तो म्हणाला. आपल्याकडे हे वाक्य आलं की माणूस गेलाच समजायचा. "पण आज एकाही फॉर्मवर त्यांचं नाव नाही. मॅडम, प्लीज चेक."

मॅडम यादी चाळू लागल्या. काका उभे होते, हातात भाषणाचा तोच चौघडी कागद. त्या कागदाच्या घड्या मला माहीत होत्या. त्यांनी तो उघडला नाही, खिशातही ठेवला नाही.

"एक आहे," मॅडम म्हणाल्या. "कादंबरी. फर्स्ट स्टँडर्ड."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"वहिनी?" विजयकुमार म्हणाला. "अहो, सुरू तर तुम्हीच केलंत!"

"केलं ना," मी म्हटलं. "बेचाळीस जण उतरले. आता सायकलवर जागा झाली."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. रात्री दोनदा मी फॉर्म बदलायला घेतला होता. प्रत्येक मैत्रिणीचं नाव डोळ्यांपुढे आणून पाहिलं: हिची दोन मुलं आहेत, ती आधी तीच उचलेल. हिला रस्ता सापडत नाही. ही चांगली आहे, पण मार्चमध्ये परत जातेय. ज्याला उचलायला स्वतःचं कुणीच नाही असा माणूस एकच होता. माझं गणित इतकं आपमतलबी होतं.

काकांनी कागद उघडला, खोकले, आणि मैदानापाशी थांबले. "मैदान होणार नाही," ते म्हणाले. "जागेचा मालक सहा वर्षं म्हणतोय, विचार करतो. जपान्याने विचार करतो म्हटलं म्हणजे नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण तुम्ही टाळ्या फार छान वाजवता." त्यांनी कागदाची घडी केली. "तो सिग्नल बावीस सेकंदांचा आहे. काल दोन तास उभा राहून मोजलाय. एका वेळी आठ मुलं जातात. एवढं सांगायचं होतं."

तीस विरुद्ध सत्तावीस. काका निवडून आले.

डिसेंबरात अनुपची बदली ओसाकाला झाली. मी कादंबरीचा दाखला घ्यायला शाळेत गेले. मॅडमनी तिचा फॉर्म फाइलमधून काढला आणि हातात धरून ठेवला.

"हा गेला की नियमाप्रमाणे बोर्डावरची ती जागा रिकामी," त्या म्हणाल्या. "मार्चपर्यंत माझ्या लक्षात येणार नाही. पुढे मात्र यावं लागेल."

मग कपाटातून त्यांनी आणखी एक कागद काढला. बोर्डाच्या सभासदांनाही फॉर्म असतो. काकांच्या फॉर्मवर ती शेवटून तिसरी रेघ सहा नावांनी भरून समासात उतरली होती. पाच नावं खोडलेली. सहावं पद्मिनीताईचं, अजून न खोडलेलं. पुण्याहून ती तीस मिनिटांत कशी पोहोचणार होती कोण जाणे. मी खाली माझं नाव लिहायला पेन उचललं, आणि ठेवून दिलं. खोडायला सातवं नाव कशाला.

निघायच्या दिवशी काकांनी आमच्या बॅगा स्टेशनपर्यंत सायकलवरून नेल्या. कादंबरीला त्यांनी दोरीचा एक तुकडा दिला, एका गाठीचा. कुकर मी खालच्या नव्या बाईला देऊन आले. पद्मिनीताईचा सल्ला मात्र दिला नाही.

तर तुमच्यापैकी कुणी ग्योतोकुला नवीन आलं असेल, हातात शाळेचा फॉर्म असेल आणि ती रेघ रिकामी असेल, तर टिपणीस लिहा. टी-आय-पी. फक्त एकाने लिहा, रांग लावू नका. आणि मूलबाळ नसलं तरी, पुढच्या वेळी जमीन हलली की, टांगलेला दिवा स्थिर झाल्यावर स्टेशनमागच्या सायकल स्टँडच्या गल्लीत जा. दुसरा मजला, २०३. बेल वाजवा. ते हेल्मेट घालूनच दार उघडतील आणि म्हणतील, मी तुमच्याकडेच निघालो होतो. म्हणू द्या. दार उघडायला वेळ लागला, तर परत फिरू नका. पुन्हा वाजवा.