सोवळ्यातली कळशी

“त्या कळशीला हात लावू नका हं,” विनीताबाई म्हणाल्या. डासांच्या तपासणीला आलेल्या बाईला मराठी कुठून समजणार? तरी पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

“आजी सेज डोन्ट टच,” नातीने, जाईने, सांगितलं. “इट्स फॉर गॉड.”

क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, फडक्याने झाकलेली ती स्टीलची कळशी. महादेवाला अभिषेक झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हा विनीताबाईंचा लग्नापासूनचा नेम. मुलाकडे परदेशी राहायला आल्यावरही नळाच्या पाण्याने तो बिनबोभाट चालला होता. दिवाळीनंतर जाई शाळेच्या सहलीहून आली आणि जेवताना सहज बोलून गेली, की इथे सांडपाणी शुद्ध करतात आणि कोरड्या दिवसांत त्यातलं थोडं तलावात सोडतात.

विनीताबाईंचा घास हातातच राहिला. “म्हणजे संडासातलंसुद्धा?”

“आई, जेवताना?” सून उल्का हसू दाबत म्हणाली. “बेट एवढंसं, माणसं वाढतच चाललीत. पाणी शेजारच्या देशातून आणतात, तेही पुरत नाही. आणि आपल्याकडे तरी काय, वरच्या गावाचं पाणी खालच्या गावाला येतंच की.”

“नदी वाहती असते गं.”

“हेही वाहतंच. पाइपातून.”

स्वतः त्या तेच पाणी पीत राहिल्या. देवापुरतं मात्र कठड्यावर पातेलं धरून पावसाचं पाणी साठवलं. पुढे फेब्रुवारीत पाऊसच गायब झाला. पळीपळीने पुरवत त्यांनी कळशी चालवली. सोवळ्यातली, म्हणून घरातलं कुणी तिच्यात डोकावलं नाही. आणि त्यांच्या डोळ्यांना पहाटे कितीसं दिसणार?

आज शनिवार. पूजा अजून व्हायची होती, घसा कोरडा पडला होता. तपासणीवालीने टॉर्च धरला आणि विनीताबाई फडकं बाजूला करून वाकल्या. पाण्यात केसाएवढे जीव वळवळत होते, एकमेकांना ढुशा देत श्वासाला वर येत होते. त्यांना किळस आली नाही. त्या बघतच राहिल्या.

“अगंबाई, किती झालेत! एवढ्याशा पाण्यात हे खातात तरी काय? विचार गं तिला.”

जाईने विचारलं. बाई हसून तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, “टू मेनी, नॉट इनफ फूड, लाह. बट लेटर ऑल फ्लाय अवे.”

जाईने ते मराठीत सांगितलं. “म्हणजे यांना उडून तरी जाता येतं,” विनीताबाई म्हणाल्या.

पाणी आत्ताच ओतून टाकायचं, पुढच्या वेळी दंड, असं सांगून बाईने कुंडीखालच्या ताटलीकडेही बोट केलं: तीही कोरडी हवी.

कळशी त्यांनी स्वतःच न्हाणीत नेऊन रिकामी केली आणि परत गॅलरीत आणून ठेवली. मग तांब्या नळाखाली धरला. धार स्वच्छ होती, काचेसारखी.

“कुणाकुणाच्या पोटातून आलं असेल गं हे?”

“एव्हरीबडीज, आजी.”

“महादेवाच्याही डोक्यावरून गेलं असेल मग. कालचंच.”

त्यांनी अभिषेक केला, तीर्थ ओंजळीत घेतलं. ओंजळ क्षणभर ओठांशी थांबली. मग त्या प्यायल्या. ताम्हनातलं पाणी रोजच्यासारखं तुळशीला घातलं. ते मातीतून झिरपून खालच्या ताटलीत उतरेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. ताटली कोरडी ठेवायची होती. त्यांनी ती हलकेच उचलली आणि त्यातलं पाणी पुन्हा कुंडीतच ओतलं.

शेजारी कळशी पालथी पडली होती, उन्हात वाळत.